वाचनालयाच्या हॉलमधली घूं, काळा पडणारा पडदा आणि स्कॅनरची रेघ

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, वरच्या मजल्यावर ४० बाय २२ फुटांचा हॉल. छताला प्रोजेक्टर, पुढच्या टेबलावर लॅपटॉप, टेबलाखाली मिक्सरवालं अ‍ॅम्प्लिफायर, भिंतीवर दोन कॉलम स्पीकर. तक्रारी चार. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. तो घालवायला गावातल्या दुकानातल्या मुलाने नवीन केबल करून दिली, घूं गेली पण आता माहितीपटात बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्युझिक मात्र व्यवस्थित. तिसरं, प्रोजेक्टरचा पडदा मधेच दोन-तीन सेकंद काळा होतो आणि परत येतो. आणि चौथं, जुन्या पुस्तकांसाठी घेतलेल्या स्कॅनरवर प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत एक बारीक रेघ. समितीत ठरतंय की प्रोजेक्टर आणि अ‍ॅम्प दोन्ही बदलायचे, स्कॅनर दुरुस्तीला पाठवायचा.

माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, एक रुपयाही अजून खर्च करू नका. मी हे काम बावीस वर्षं करतोय, शाळा, मंगल कार्यालयं, बँकांच्या मीटिंग रूम सगळं बसवलंय, आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तुमचं एकही मशीन बिघडलेलं दिसत नाही. बिघाड आहे तो दोन मशीनच्या मधल्या वायरीत, अर्थिंगमध्ये आणि एका बोटभर काचेवर. नवीन अ‍ॅम्प आणलात तरी तो त्याच बोर्डाला, त्याच केबलला लागणार, आणि तीच घूं नवीन अ‍ॅम्पमधून येणार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

आधी घूं घेऊ, कारण बाकीच्या निम्म्या गोष्टी तिच्यातून समजतात.

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे स्पीकरमधून जो खोल, एकसुरी घूं येतो तो बऱ्याचदा ही ५० हर्ट्झच ऐकू येत असते. प्रश्न एवढाच की ती आवाजाच्या वायरीत शिरली कुठून. तुमच्याकडे प्रोजेक्टरचा प्लग छताजवळच्या पॉइंटला आहे, तो मागच्या बोर्डावरून आलाय, आणि अ‍ॅम्प पुढच्या स्टेजच्या बोर्डावर. दोन्हीचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने खाली जातंय. आता लॅपटॉप एचडीएमआयने (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल) प्रोजेक्टरला जोडला, त्या केबलच्या आतल्या तारांभोवतीची जाळी म्हणजे प्रोजेक्टरचं अर्थिंग. ऑडिओ केबलने अ‍ॅम्पला जोडला, त्या केबलची जाळी म्हणजे अ‍ॅम्पचं अर्थिंग. चार्जर तीन पिनांचा असेल तर त्याचं अर्थिंग तिसरं. झालं, एक मोठं वेटोळं तयार झालं, लॅपटॉपपासून प्रोजेक्टर, प्रोजेक्टरपासून भिंतीतून बोर्ड, बोर्डावरून अ‍ॅम्प, अ‍ॅम्पवरून ऑडिओ केबलने परत लॅपटॉप. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये अर्धा व्होल्ट जरी फरक असला तरी त्या वेटोळ्यातून करंट फिरतो, आणि फिरतो तो नेमका तुमच्या ऑडिओच्या जाळीतून. अ‍ॅम्पला तो आवाजच वाटतो, तो इमानदारीने मोठा करून देतो. आमच्या लाइनमध्ये याला ग्राउंड लूप म्हणतात.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, स्वतः तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. अ‍ॅम्प बंद करून त्याला लावलेलं सगळं काढा, माइक, लॅपटॉप, सगळं. फक्त स्पीकर ठेवा. चालू करा, व्हॉल्यूम शून्यावर. घूं आहे का? असेल तर अ‍ॅम्पच्या आतला पॉवर सप्लाय, बहुतेक फिल्टर कपॅसिटर, थकलाय, तेवढं मेकॅनिक बदलून देईल. नसेल (आणि तुमच्याकडे नसणार, कारण चार्जर काढला की आवाज जातो असं तुम्हीच लिहिलंय) तर अ‍ॅम्प निर्दोष. मग फक्त जुनी ऑडिओ केबल लावा (नवीन केबलचं पुढे सांगतो), लॅपटॉप बॅटरीवर, एचडीएमआय काढलेली. शांत? आता एचडीएमआय लावा. मग चार्जर लावा. ज्या वायरीला घूं सुरू होईल ती वायर वेटोळं पूर्ण करतेय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक पायरी कागदावर लिहायची, नाहीतर पाचव्या मिनिटाला काय काय काढलं होतं ते आठवत नाही आणि माणूस परत पहिल्यापासून सुरू करतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. यावर गावोगाव एक इलाज चालतो तो म्हणजे अर्थची पिन मोडायची किंवा थ्री पिनला टू पिनचा कन्व्हर्टर लावायचा. घूं लगेच जाते, सगळे खूश होतात. हे कधीच करू नका, कुणी करत असेल तर हात धरा. मी या लाइनमध्ये नवीन असताना एका गावात कीर्तनाला गेलो होतो, तिथल्या अ‍ॅम्पची अर्थ पिन आधीच्या कुणीतरी पक्कडीने कापून ठेवलेली. पावसाचे दिवस, ओली जमीन, बुवा अनवाणी. त्यांनी एका हातात माइक धरला आणि दुसऱ्या हाताने टाळ घेतलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघंही एकदम मागे फेकले गेले. सुदैवाने माइक हातातून सुटला म्हणून निभावलं. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं होतं, फेज थेट बॉडीवर. अर्थ पिन जागेवर असती तर फ्यूज उडाला असता आणि एवढ्यावर भागलं असतं. ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब मुद्दाम केलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. त्या पिनेवर माणसाचा जीव असतो.

मग करायचं काय? पहिलं, वायरमनला बोलावून दोन्ही बोर्डांवर तीन मोजमापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन २३०च्या आसपास आणि तिसरं एक-दोन व्होल्ट असेल तर बरं आहे. तिसरं पाच-दहाच्या वर जात असेल किंवा फेज ते अर्थ शंभर-सव्वाशेच दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे, बोर्डात तिसरं भोक आहे पण मागे वायर तुटलेली किंवा खड्डा कोरडा. डिजिटल मीटर कधीकधी तुटलेल्या वायरवरही हवेतलं व्होल्टेज दाखवतो, म्हणून चांगला वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावूनही बघतो, लख्ख पेटला तर अर्थ खरा. लाइनवर ईएलसीबी (अर्थमध्ये करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो या टेस्टला ट्रिप होईल, तेव्हा घाबरू नका, तेही चांगलंच लक्षण आहे. ही टेस्ट तुम्ही करू नका, वायरमनलाच करू द्या.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय की उन्हाळ्यात घूं जास्त आणि पावसाळ्यात जवळजवळ नसते. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. जुन्या इमारतींचा अर्थिंगचा खड्डा म्हणजे पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ. माती ओली असेल तोवर तो काम करतो. एप्रिल-मेमध्ये माती खडखडीत वाळली की अर्थ उरत नाही. आवारात सिमेंटचं छोटं झाकण किंवा जमिनीतून वर आलेलं फनेल दिसेल, त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी घूं ऐका. कमी झाली तर कारण सापडलं, मग खड्डा नव्याने भरून घ्या किंवा नवीन इलेक्ट्रोड मारून घ्या. हा खर्च जरूर करा, तो फक्त आवाजासाठी नाही, खालच्या मजल्यावर मुलं कॉम्प्युटरला बसतात त्यांच्यासाठीपण आहे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं असं कुणी म्हटलं असेल तर तेही याच कारणाने. चार्जरमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, अर्थ नसला की त्यांच्यामुळे बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर म्हणजे एकशेपंधराच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी किरकोळ असतो पण अर्थ नाही हे तो ओरडून सांगत असतो.

दुसरं, प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि अ‍ॅम्प तिन्ही एकाच बोर्डावर आणा. स्टेजच्या बोर्डावरून एक तीन कोअरची वायर केसिंगमधून प्रोजेक्टरपर्यंत न्यायची, बास. लोड झेपेल का ही शंका येईलच, तर हिशोब बघा, प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट, अ‍ॅम्प २५० धरा, लॅपटॉपचा चार्जर ६५ ते ९०, सगळं मिळून साडेसहाशेच्या आत, म्हणजे तीन अँपिअरपेक्षा कमी, आणि ६ अँपिअरचा साधा पॉइंट १३८० वॅटपर्यंत जातो. त्याच बोर्डावर कुणी इस्त्री किंवा चहाची किटली लावू नये एवढं बघा. तीन मशीनचा अर्थ एकाच जागी आला की वेटोळं एवढंसं होतं आणि दहातल्या आठ ठिकाणी घूं तिथेच संपते.

उरलीच तर ऑडिओ आयसोलेटर मिळतो, आत एकास-एकचे दोन बारके ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकाने पलीकडे जातो पण तांब्याची जोड राहत नाही म्हणून वेटोळं तुटतं. तो लॅपटॉपच्या टोकाला न लावता अ‍ॅम्पच्या टोकाला लावा. अगदी स्वस्तातला घेतला तर खालचा बेस थोडा खातो, भाषणाला फरक पडत नाही, तबल्याला पडतो. ज्यांच्या घरी टीव्ही होम थिएटरला जोडला की घूं येते त्यांनी आधी केबलवाल्याची गोल वायर काढून बघा, ती अख्ख्या आळीतून अर्थ घेऊन येते.

आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जो घर्र येतो तो वेगळा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो, तिच्यात वरचे सूर भरपूर, ते अ‍ॅम्पमध्ये आणि पंख्यात दोन्हीकडे ऐकू येतात. साइन वेव्हवाला इन्व्हर्टर हाच त्याला उपाय.

आता ती नवीन केबल. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण त्या मुलाने वाईट हेतूने काही केलं नाही, घूं खरंच गेली, पण ती का गेली हे कळलं की आवाज का गेला तेही कळतं.

आधी तुमची केबल लॅपटॉपच्या साडेतीन एमएमच्या पिनमधून दोन आरसीएमध्ये (लाल-पांढऱ्या गोल पिना), अ‍ॅम्पच्या ऑक्स (बाहेरच्या मशीनचा आवाज घेणाऱ्या) इनपुटला जात होती. नवीन केबलला लॅपटॉपकडे तीच बारीक पिन, पण दुसऱ्या टोकाला माइकचा तीन पिनी एक्सएलआर, आणि तो माइक २ मध्ये लावलाय. माइकचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. त्याची कामाची रीत अशी की पिन २ वर जे येतं त्यातून पिन ३ वरचं वजा करायचं. माइक दोन्ही पिनांवर तोच आवाज उलटसुलट पाठवतो म्हणून वजाबाकीत तो दुप्पट होतो, आणि वाटेत वायरीत शिरलेली घरघर दोन्ही पिनांवर सारखीच असते म्हणून ती वजाबाकीत शून्य होते. पन्नास मीटर लांब माइकची केबल टाकली तरी स्वच्छ आवाज येतो तो याच युक्तीमुळे.

लॅपटॉप मात्र एका पिनवर डावा आवाज देतो आणि दुसरीवर उजवा. त्यांची वजाबाकी झाली. घूं दोन्हींत सारखी होती, गेली. पण बोलणारा माणूस किंवा गाणारा, रेकॉर्डिंगमध्ये तो नेहमी मध्यभागी ठेवतात, म्हणजे डाव्यात आणि उजव्यात अगदी सारखा. तोही गेला. जे फक्त एका बाजूला जास्त होतं, सतार, व्हायोलिन, टाळ्या, गुंज, तेवढं शिल्लक राहिलं. म्हणून विहिरीतून आल्यासारखा वाटतो, ऐकू येतंय ती फक्त उरलेली गुंज.

खात्री करायची? विंडोजच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ म्हणून एक बटण असतं, ते चालू करा. आता दोन्ही बाजू शंभर टक्के सारख्या झाल्या, वजाबाकी शून्य, स्पीकर जवळजवळ गप्प होईल. मग ते बंद करून बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा, लगेच निवेदकाचा आवाज खणखणीत येईल. एवढं झालं तर शंकाच नाही. बाय द वे हेडफोनच्या पिनमधली ग्राउंडची तार तुटली तरी अगदी असंच होतं, गाण्यातला गायक गायब आणि मागचं वाजतंय, तेव्हा इअरफोन टाकून देण्याआधी पिन जरा फिरवून बघत जा.

ती केबल काढून ठेवा, जुनी आरसीएवालीच लावा. अजून दोन कारणांसाठीपण काढा. माइक इनपुटला काही मिलिव्होल्टची सवय, लॅपटॉप त्याच्या शेकडोपट देतो म्हणून आवाज जरा वाढवला की फाटतो. आणि मिक्सरवर फँटमचं (काही माइकना केबलमधूनच वीज देणारं) बटण कुणी चुकून दाबलं तर ४८ व्होल्टचा मारा थेट लॅपटॉपच्या जॅकवर. ज्यांच्या अ‍ॅम्पला ऑक्सच नाही आणि लॅपटॉप माइक इनपुटलाच लावावा लागतो त्यांनी स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज माइक इनपुटच्या मापात आणणारी डबी) घ्यावा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, आणि ते माणसाला धोका न करता फक्त ऑडिओचा अर्थ सोडवते.

आता पडदा. काळा पडणं हे प्रोजेक्टरचा दिवा गेल्याचं लक्षण नव्हे. दिवा गेला तर पडदा परत आपोआप येत नाही, आणि लाल इंडिकेटर लागतो. दोन-तीन सेकंदांनी परत येतो म्हणजे लॅपटॉप आणि प्रोजेक्टरची बोलणी तुटली आणि परत जुळली. जुन्या व्हीजीएला केबल खराब असली की चित्र पुसट व्हायचं, सावली पडायची, पण दिसायचं. एचडीएमआयचं तसं नाही, ती शेवटपर्यंत सुंदर दिसते आणि मग एकदम जाते. जायच्या आधी फार तर काळ्या भागात पांढरे ठिपके चमचमतात, ते दिसले का आठवून बघा.

तुमची केबल १५ मीटरची, साधी तांब्याची, आणि ट्यूब-पंख्याच्या वायरीबरोबर एकाच केसिंगपट्टीतून नेलेली. १०८० रेषा आणि ६० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) त्या केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार अब्ज बिट जातात. एवढा वेग १५ मीटर तांब्यातून न्यायचा म्हणजे केबल जाड आणि खरोखर चांगली पाहिजे, आणि बाजारात पाकिटावर काहीही छापलेलं असतं. तुम्ही करून बघायची टेस्ट अशी. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६०चा ३० करा, यादीत ३० दिसत नसेल तर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. दोन्हींनी केबलवरचा भार निम्म्यावर येतो. आता अर्धा-पाऊण तास काहीतरी लावून ठेवा. काळं पडणं थांबलं तर केबल तिच्या शेवटच्या टोकावर चालतेय हे सिद्ध झालं. मग शिडी लावून लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ नेऊन दोन मीटरच्या केबलने ६०वर चालवून बघा, तिथेही बिनबोभाट चालला तर प्रोजेक्टर विकायचा विचार सोडून द्या. पुढच्या रविवारी कार्यक्रम असेल तर तोपर्यंत ३०वरच चालवा, भाषणाच्या स्लाइडला काहीच फरक कळत नाही.

अजून एक बघा, पडदा काळा पडतो तेव्हा कुणी पंखा किंवा ट्यूब चालू-बंद केली होती का. जुन्या चोकच्या ट्यूबचा स्विच पाडला की एक झटका वायरीत जातो, शेजारून गेलेल्या एचडीएमआयमध्ये तो उतरतो आणि बोलणी तुटतात. मी एका ऑफिसात अख्खा दिवस घालवला होता, शेवटी लक्षात आलं की साहेब खुर्चीवरून उठले की स्क्रीन जाते. गॅसवाल्या फिरत्या खुर्च्यांमधून स्थिर विजेचा झटका निघतो, त्याने मॉनिटर क्षणभर जातात, हे खरंच होतं. तिथे केबल बदलून चांगल्या शील्डची टाकली, परत तक्रार नाही.

कायमचा उपाय म्हणजे ऑप्टिकल एचडीएमआय केबल, आत काचेचे धागे, १५ काय ३० मीटरलाही हलत नाही. घेताना लक्षात ठेवा की तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं. भिंतीत उलटी ओढली तर काही दिसणार नाही आणि सगळे म्हणतील केबल खराब आली. ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्हीकडे लावून तासभर चालवायची, मगच पाइपात घालायची. पाऊण इंची पाइपातून तिचं डोकं जात नाही, मोठा पाइप घ्या आणि आत एक रिकामी दोरी कायमची सोडून ठेवा, पुढच्या वेळी तीच कामाला येते. कोपऱ्यावर काटकोनात मुडपू नका, वहीएवढा गोल वळसा द्या. विजेच्या वायरीपासून वेगळी न्या. आणि हो, ऑप्टिकल टाकली म्हणून घूं जाईल असं समजू नका, बहुतेकांमध्ये ५ व्होल्ट आणि बोलणीसाठी बारीक तांब्याच्या तारा असतातच, अर्थ त्यांच्यातूनही जातो.

एचडीएमआय लावली की आवाजच स्पीकरमधून यायचा बंद होतो हा तुमचा छोटा प्रश्न, तो तर काहीच नाही, लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवायला लागतो. खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट परत हेडफोन किंवा स्पीकर निवडा. आणि ऑनलाइन व्याख्यानात वेबकॅमच्या चित्रात आडवे पट्टे सरकतात ते ट्यूबलाइटमुळे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ६० असेल ती ५० करा.

शेवटी स्कॅनर, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण तुमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची मासिकं आहेत.

रेघ फक्त वरच्या फीडरमधून पानं घातली की येते, झाकण उघडून काचेवर ठेवून स्कॅन केलं की येत नाही, बरोबर? मग दुरुस्तीला पाठवू नका. काचेवर ठेवलं की कागद थांबलेला असतो आणि आतली पट्टी सरकते, त्यामुळे काचेवर कचरा असला तर एक ठिपका उमटतो. फीडरमध्ये उलटं, पट्टी एका जागी थांबते आणि कागद तिच्यावरून धावतो, मग तोच ठिपका अख्ख्या पानभर ओढला जातो आणि त्याची रेघ होते. झाकण उघडा, मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला बोटभर रुंदीची वेगळी अरुंद काच दिसेल. डोळ्यांना ती स्वच्छ दिसेल. अंगठ्याचं नख तिच्यावरून हलकेच आडवं ओढा, एका जागी नख किंचित अडकेल. तो बहुतेक वाळलेला डिंक नाहीतर व्हाइटनरचा कण, पुस्तकांच्या कार्डांवरून आलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन, काचेवर थेट न शिंपडता, तो जागीच भिजवून पुसा. ब्लेडने खरवडू नका, ओरखडा पडला तर कायमची रेघ. पानाच्या दोन्ही बाजू एकदम घेणारा स्कॅनर असेल तर वर झाकणातही तशीच एक पट्टी असते, तीही पुसा.

पण ताई, जुनी मासिकं त्या फीडरमधून घालूच नका. तो कागद पिवळा पडून कुरकुरीत झालाय, रोलरने एकदा ओढलं की कोपरा तुटून आत जातो आणि ते पान परत मिळत नाही. ऑफिसचे सुटे कागद, ठराव, पावत्या फीडरमधून, पुस्तकं काचेवर किंवा वरून कॅमेऱ्याने. शिवण घट्ट असेल तर पुस्तक पूर्ण उघडून दाबू नका, कॅमेराच बरा.

रिझोल्यूशन १५० डीपीआय (एका इंचात १५० ठिपके) ठेवलंय असं लिहिलंय, ते आजच बदला. आपल्या लिपीत अनुस्वार हा एक टिंब आहे. जुन्या बारीक टायपात तो साधारण ०.३ मिलिमीटरचा धरा. १५० डीपीआयला त्याच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात, ३००ला साडेतीन, ४००ला पावणेपाच. दोन पिक्सेलचा टिंब आणि कागदावरची धूळ यात कॉम्प्युटरला फरक करता येत नाही, मग पुढे कधी अक्षरओळख करायला घेतली की ‘वंदन’चं ‘वदन’ होऊन बसतं. ३०० हे कमीत कमी, बारीक टायपाला ४००. आणि काळं-पांढरं असा मोड निवडू नका, ग्रे निवडा. काळ्या-पांढऱ्यात पुसट झालेली रेफ आणि मात्रा सगळ्यात आधी उडतात, आणि एकदा फाइलमधून गेलेली मात्रा कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मूळ प्रत टिफमध्ये (बारकावे न गमावणारा फाइलचा प्रकार) ठेवा, वाचकांना द्यायला त्याचीच हलकी पीडीएफ करा.

पातळ कागदाच्या मागच्या पानाची अक्षरं उमटतात त्यावर साधा उपाय, पानाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवायचा. पांढरा ठेवला तर उजेड मागून उसळून येतो आणि मागची छपाई पुढे दिसते, काळा तो गिळून टाकतो. पान एकंदरीत जरा गडद येतं, ते नंतर उजळता येतं.

आता क्रम असा ठेवा. आज जुनी ऑडिओ केबल लावा, लॅपटॉप ३० हर्ट्झवर करा आणि अरुंद काच पुसा, तिन्ही मिळून अर्धा तास. खड्ड्यात पाणी संध्याकाळी. वायरमन येईल तेव्हा दोन्ही बोर्डांवरची तीन-तीन मोजमापं कागदावर घ्या, आणि चार्जर, एचडीएमआय एकेक काढून-लावून घूंमध्ये काय फरक पडला तेही शेजारी लिहा. ते सहा आकडे मला कळवा, त्यावरून आयसोलेटर लागेल की नुसती वायर ओढून भागेल ते लगेच सांगतो. आणि समितीची मीटिंग त्याआधी असेल तर एवढी एक आठवडा पुढे ढकला.